वेग आणि ताबा

“फादर, पोरगा पुढे येईल काय?” असे आईबाप मला विचारतात, तेव्हा मला अमेरिकेतील स्टीव्ह डालकाउस्की आठवतो.

तो बेसबॉल या खेळातील पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. तेथे होतकरू पिचरला आधी कनिष्ठ संघांत पारखतात. १९५७ साली बाल्टिमोर ओरिओल्स संघाने त्याला करारबद्ध केले. त्याच्या चेंडूचा वेग पाहून जाणकार थक्क होत. परंतु १९६० साली स्टॉक्टन येथे १७० डावांत त्याने २६२ फलंदाज बाद केले आणि तितक्याच फलंदाजांना दिशाहीन फेकीपायी पहिला टप्पा फुकट बहाल केला. देणगी अफाट, पण तिच्यावर ताबा नाही!

१९६२ साली एल्मायरा येथे त्याला अर्ल वीव्हर हे व्यवस्थापक लाभले. त्यांनी त्याच्यावर सूचनांचा भार घातला नाही. त्याला पेलेल तेवढेच सांगितले. त्या वर्षी १६० डावांत फुकट टप्पे ११४ वर आले. दुर्दैवाने १९६३ च्या वसंतात त्याचे कोपर दुखावले. श्रेष्ठ संघाकडून अधिकृत सामना त्याच्या नशिबी आलाच नाही. पुढे मद्याने त्याला ग्रासले. २०२० साली तो निवर्तला.

प्रिय पालकहो, मुलाची देणगी सर्वांनाच दिसते. त्याला काय पेलेल, हे प्रेमाने पाहणारा विरळा. देणगी देवाने दिली आहे. ती पेलण्यास शिकवणे हे मात्र आपल्याकडे सोपवले आहे, आणि त्यासाठी मिळणारा काळ थोडा असतो.