मुलींच्या खोलीचा रस्ता टेबलात का नव्हता?



हा लेख नेटवर्कच्या एका बिघाडाविषयी आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईने राउटिंगवर लिहावे याचे काही जणांना हसू येईल. येऊ द्या. या बिघाडामुळे आमच्या मुलुंडच्या अभ्यासिकेतल्या मुली तीन आठवडे मुलांचे काम आटोपण्याची वाट पाहत बसल्या, आणि त्या तीन आठवड्यांत समितीतल्या कोणालाही, मलासुद्धा, त्यात काही वावगे वाटले नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी रचना सांगते. आमच्या दोन अभ्यासिका आहेत, एक घाटकोपर पूर्वेला विहाराच्या वरच्या मजल्यावर, दुसरी मुलुंडला. सर्व्हर आणि इंटरनेटची लाइन घाटकोपरला. मुलुंडला सगळे तिथूनच एका फायबर लिंकवरून जाते. दोन्हीकडे देणगीत मिळालेले जुने लेअर थ्री स्विच आहेत, म्हणजे राउटरसारखे मार्ग ठरवू शकणारे. सर्व्हरवर मुलामुलींचे स्कॅन केलेले जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हेच लागते.

अशा स्विचच्या पोटात एक तक्ता असतो, राउटिंग टेबल. अमुक पत्त्याचे पॅकेट तमुक दारातून बाहेर काढ, एवढेच त्यात लिहिलेले. स्विचला थेट जोडलेले नेटवर्क त्यात आपोआप येते, त्याच्यापुढे 'सी' हे अक्षर असते. माणसाने हाताने लिहिलेला मार्ग 'एस'. आणि शेजारच्या स्विचने कळवलेला, आमच्याकडे ओएसपीएफ या पद्धतीने आलेला, तो 'ओ'. ओएसपीएफमध्ये शेजारी सहसा दर १० सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात. ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे धरतात. आपल्याकडे कोणती नेटवर्क आहेत ते एकमेकांना सांगतात आणि मग प्रत्येक जण जवळचा रस्ता स्वतः काढतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, आठवते ना? तिथली पद्धत वेगळी, बीजीपी नावाची. पण एका चुकीच्या कमांडनंतर त्यांचे मार्ग जगभरच्या तक्त्यांतून नाहीसे झाले होते. यंत्रे शाबूत होती. तिथवर जायचा रस्ता मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

आमच्याकडे जूनमध्ये मुलुंडला मुलींसाठी वेगळी खोली झाली. नऊ संगणक, त्यांचे स्वतंत्र नेटवर्क १९२.१६८.३०.०. मुलांच्या जुन्या खोलीचे २० क्रमांकाचे. पहिल्याच रात्री नेट चालेना म्हणून कंत्राटदाराचा माणूस आला. त्याने पाहिले तर मुलुंडच्या स्विचवरच ३० क्रमांकाचा व्हीलॅन डाउन. स्विच गेला आहे, नवा घ्या, असे सांगून तो निघाला. खरे कारण नंतर कळले. व्हीलॅनमधले एकही पोर्ट चालू नसेल तर त्याचा इंटरफेस आपोआप डाउन होतो आणि 'सी'ची नोंदही जाते. रात्री दहाला नऊच्या नऊ संगणक बंद होते! दुसऱ्या दिवशी संगणक चालू करून पाहिले, तर इंटरफेस अप. पण घाटकोपरला मार्ग नव्हताच. कंत्राटदाराने मग घाटकोपरच्या स्विचवर हाताने एक स्टॅटिक मार्ग लिहिला. नेट सुरू झाले, बिल आले, आम्ही दिले. शेजारी स्विच हा मार्ग आपण होऊन का सांगत नाही, हे कोणी विचारले नाही.

दिवाळीनंतर आम्ही लिंक देणारा बदलला. नवी लिंक, नवे आयपी. मुलांच्या खोलीचा मार्ग ओएसपीएफने नव्या लिंकवरून मिनिटभरात परत आणला. मुलींच्या खोलीचा आला नाही.

आता समितीच्या बैठकीत काय झाले ते लिहायला मला लाज वाटते. एक ज्येष्ठ काका म्हणाले, मुलींनी वायर हलवल्या असतील. दुसरे म्हणाले, तोवर त्यांनी जुन्या खोलीत बसावे, मुलांचे झाल्यावर. ठराव वगैरे काही नाही, तेच ठरले. मी 'ठीक आहे' म्हणाले. संध्याकाळी सातपर्यंत मुले, मग मुली. आणि साडेआठला बहुतेकींना घरी पोहोचायचे असते. काही जणींनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ज भरायचा प्रयत्न केला, पण दाखले सर्व्हरवर. अर्जाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा भांडुपची एक मुलगी मला म्हणाली, "ताई, मला एकदा स्विचवर बसू द्या ना."

ही मुलगी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीसीएनएची तयारी करते. तिचे वडील कंत्राटदाराकडे केबल ओढतात. आमच्या मुलुंडच्या भिंतीतल्या वायरी त्यांनीच ओढल्या आहेत. आणि मी तिला काय म्हणाले? काकांना विचारून सांगते. पासवर्ड काकांकडे होता. काका म्हणाले, पोरगी शिकते आहे अजून, सगळे बंद पाडून ठेवील.

सीसीएनए ही सिस्को कंपनीची परीक्षा. याच सिस्कोवर आणि तिथल्या दोन व्यवस्थापकांवर ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याच्या आरोपाखाली खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये व्यवस्थापकांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू राहिला. त्या खटल्यावर मी आमच्या अभ्यासिकेत दोनदा बोलले आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यात जो फरक दाखवला, तो फळ्यावर लिहून समजावला आहे. आणि आमच्याच कपाटापुढे बाप केबल ओढणार, लेक परवानगी मागणार, आणि पासवर्ड ज्याला स्विच कशाशी खातात ते माहीत नाही त्याच्या खिशात!

काकांशी मी भांडले. भांडण लांबले, ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धीम्या लोकलने, कन्सोल केबल पिशवीत घालून, आम्ही दोघी घाटकोपरला गेलो.

तिने टेबल पाहण्याआधी शेजारी पाहिला. "ताई, नोंद नाही म्हणजे नेहमी टेबलाचा दोष नसतो. आधी शेजाऱ्यांचे बोलणे आहे का ते बघायचे." शेजारी दिसतच नसेल तर दोन्हीकडचा एरिया, हॅलोचे सेकंद, सबनेट मास्क, ऑथेंटिकेशनचा पासवर्ड जुळतो का ते तपासायचे, कोणी इंटरफेस पॅसिव्ह करून ठेवला असेल तर तो हॅलोच म्हणत नाही. शेजारी 'इनिट'वर थांबला असेल तर आपल्याला त्याचे ऐकू येते, त्याला आपले नाही. 'एक्सस्टार्ट'वर अडकला असेल तर बहुधा दोन्हीकडचा एमटीयू वेगळा. आमच्याकडे शेजारी 'फुल' होता, म्हणजे संबंध उत्तम. २० क्रमांकाचा मार्ग 'ओ' लावून येतच होता. मग मुलुंडचा स्विच ३० विषयी गप्प का?

घाटकोपरहूनच तिने मुलुंडच्या स्विचवर लॉगिन केले आणि ओएसपीएफचा भाग उघडला. त्यात लिंक होती, २० होते, ३० नव्हते. स्विचला मुलींची खोली माहीत होती, 'सी' लावून त्याच्या तक्त्यात होती. पण शेजाऱ्याला काय सांगायचे त्या यादीत ती कधी घातलीच नव्हती. खोली जूनमध्ये बांधली, उद्घाटन केले, फोटो काढले. यादीत नाव घालायचे राहिले. तिने एक ओळ टाकली: नेटवर्क १९२.१६८.३०.०, वाइल्डकार्ड ०.०.०.२५५, एरिया ०.

मला वाटले, झाले. घाटकोपरचे टेबल पाहिले तर ३० समोर अजूनही 'ओ' नाही. 'एस' होता, जुन्या लिंकच्या पत्त्याकडे बोट दाखवत. जुन्या लिंकवाल्याचा डबा कोणी काढलाच नव्हता. त्याचा दिवा लुकलुकत होता, पोर्ट अप होते, म्हणून हाताने लिहिलेला तो मार्ग टेबलात ठाण मांडून बसला होता. पॅकेट तिकडे जात होती आणि मरत होती.

"पण आता शेजारी खरे सांगतोय ना? मग याचे का ऐकतो?" मी विचारले.

तेव्हा तिने मला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स समजावले. एकाच नेटवर्ककडे जाणारे दोन मार्ग कळले, तर कोणावर भरवसा ठेवायचा याचे स्विचकडे आकडे ठरलेले असतात. आकडा जितका लहान, तितका भरवसा जास्त. हाताने लिहिलेल्याला १. ओएसपीएफला ११०. शेजारी दर दहा सेकंदांनी जिवंत असल्याचे कळवत असला, तरी सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी लिहून गेलेल्या ओळीपुढे त्याचे काही चालत नाही.

मी हसले, कारण मला आमची बैठक दिसत होती. काकांचा आकडा १, माझा साधारण वीस धरा, आणि रोज त्या खोलीत बसणाऱ्या मुलीचा ११०. काका वाईट माणूस नाहीत. जुन्या लिंकच्या काळात त्यांचे खरेच होते.

जुन्या ओळीपुढे 'नो' लावून तिने ती काढून टाकली. टेबल पुन्हा मागवले. ३० समोर 'ओ', नव्या लिंकवरून. मुलुंडला फोन केला, तर पलीकडून नुसता आरडाओरडा ऐकू आला. नंतर तिने जुना डबाही प्लगमधून काढला आणि बदललेले सगळे सेव्ह केले. ते विसरले तर वीज गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या चार दिवसांत अकरा मुलींचे अर्ज गेले. दोघींचे नाही जाऊ शकले, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती आणि हे तीन आठवड्यांपूर्वी कळले असते तर नवा दाखला काढता आला असता. त्याला स्विच जबाबदार नाही.

आता पासवर्ड तिघांकडे आहे, त्यातली एक ती. कोणते नेटवर्क कुठे, हे तिने एका वहीत लिहून कपाटात ठेवले आहे आणि रविवारी चौघींना शिकवते. एकदा तिचे वडीलही मागे येऊन बसले होते. तिच्या मानधनाचा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे. तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असे पत्र मी समितीला दिले आहे.