शिवारफेरी वैशाखात काढावी

मराठवाड्यात बाहेरची पथकं बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा गार, हरभरा घाट्यावर, विहिरींना पाणी. नांदेड-लातूरपासून तासाभरावरचं, डांबरी रस्त्याकडेचं गाव तेव्हा पाहिलं, की इथं फार काही अडलेलं नाही असंच वाटतं. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३च्या ‘रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट’मध्ये हेच मांडलं. पाहणी करणारे डांबरी सोडत नाहीत, सोयीच्या हंगामात येतात आणि सगळ्यांत गरीब माणूस त्यांना दिसतच नाही. चेंबर्स यांनी पावसाळ्यातल्या हालांकडे लक्ष वेधलं होतं. आमच्याकडे हालांचा महिना वैशाख.

मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांवर हिवाळ्यात गेलं, तर दारांना कुलपं दिसतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायको कोयता घेऊन दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे म्हातारी माणसं आणि लहान पोरं. त्या दिवसांत गावाचा आराखडा ठरला, तर ज्यांना त्याची सगळ्यांत जास्त गरज, तेच सभेला नसतात. ते परततात पाडव्याच्या आगेमागे, हापसे आटू लागल्यावर.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या ‘पोकरा’त, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, शिवारफेरी आणि पाण्याचा ताळेबंद नियोजनातच घातले, हे मला मोलाचं वाटतं. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, पिकांनी किती घेतलं, हे गावासमोर मांडलं की उसावर बोलणं सोपं जातं. पण पाणी कोणाच्या घागरीत पडतं, हे ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी बायकांना वेगळं बसवून जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढायला सांगते. पुरुषांच्या नकाशात आधी रस्ता, देऊळ, सोसायटी येते. बायका हापसा काढतात. कोणता होळीलाच बंद पडतो, कोणाच्या बोअरवर घागर भरू देतात, कुठून हाकलतात, हे त्या बोट ठेवून दाखवतात. तिथं घाई करू नये. हाकलण्याची गोष्ट शेवटी निघते.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा देशभरचे कॅमेरे तिथं पोचले. शहराची तहान खरीच होती. आडबाजूच्या वस्त्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायांपर्यंत त्यांतले थोडेच गेले.

आराखड्याची तारीख ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे : कोयते परतल्यावर, मृगाआधी, सगळ्यांत लांबच्या तांड्यापासून फेरी सुरू करा. सभा सकाळी ठेवू नका, बाया पाण्यावर असतात. रात्री जेवणं उरकल्यावर बसा.