मिरजेची जवारी

मैत्रिणींनो, मिरज म्हटलं की आपल्याला आठवतात ते दवाखाने, नाहीतर गाडी बदलायचं जंक्शन. पण पुढच्या खेपेला हाताशी दोन तास असतील, तर सतारमेकर गल्लीत जरूर जा. दुकानांतून वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले दिसतील. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. इथल्या कारागिरांचे पूर्वज हत्यारं घडवणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

माझ्या आईचा तंबोरा याच गल्लीतला. ती गेल्यापासून सहा वर्षं गवसणीत पडून होता. छेडला तर नुसतं ठक्‌ ठक्‌! मला वाटलं, भोपळाच चिरला. चाचांनी तारांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भोपळा ठणठणीत आहे ताई. जवारी गेलीय."

जवारी म्हणजे काय, ते ऐका. तबलीवर घोडी असते, तिच्यावरून चारही तारा जातात. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, म्हणून तो झंकार उठतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. तो केसभर हलवला की आवाज खुलतो नाहीतर मिटतो. पण तारांनी घोडीत चरे पाडले, की दोऱ्याचं काही चालत नाही. मग माथा घासून नवा उतार द्यायचा.

"गाणार कोण?" चाचांनी विचारलं.

इथे मी अडकले. आई काळी पाचमध्ये गायची, माझा आवाज काळी तीनचा. म्हणजे तारा जाड लागणार, उतारही वेगळा. "आईसारखाच ठेवता येईल?" मी विचारलं.

"येईल. पण मग तुम्ही गाणार कशा? आणि एकदा घासलं की मागचं परत येत नाही, बघा."

आमचे हे घड्याळाकडे बघत होते. मी चहा संपवला आणि म्हटलं, "घासा. काळी तीन."

पुढचा दीड तास नुसता बघण्यासारखा. चार वेळा घासायचं, फुंकर मारायची, तार चढवायची, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा उतरवायची. एकेका तारेचं असं. (आपण पुरणाची कणीक इतक्या निगुतीने मळतो का, सांगा!) शेवटी खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार स्वच्छ ऐकू आला. आवाज आईच्या तंबोऱ्याचा नव्हता. जरा रुंद होता, खालचा होता. मी षड्ज लावून पाहिला आणि तो बसला.

चाचांनी नव्या दोऱ्याची पुडी दिली. पावसाळी हवेत आवाज बदलतो, तेव्हा दोरा हलक्या हाताने सरकवायचा. वाद्य भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवायचं. महिनोन्‌महिने वाजवायचं नसेल तर तारा सैल करायच्या. आईचे जुने दोरे ते केरात टाकत होते, तेवढे मी मागून घेतले. गाडी अर्थातच चुकली होती.