उठबस

‘बसा’ हा शब्द आमच्या घरांत सन्मानाचा समजला जातो. वडीलधारें माणूस उठूं लागलें कीं त्याच्या हातांतलें काम काढून घ्यावें व म्हणावें, “तुम्ही बसा!” या प्रेमळ आज्ञेंत कांहीं अपाय असेल, अशी शंका पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस आली नव्हती. ती ओवे येथील एका आजींनीं आणून दिली.

पनवेल तालुक्यांतील ओवे हें एके काळीं भातशेतीचें गांव. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली, आणि खारघरच्या डोंगराखालचीं शेतें हळूहळू इमारतींखालीं गेलीं. तेथें एका विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही जेवावयास गेलों होतों. पंगत जमिनीवर होती. उठतांना आम्हांस एक हात जमिनीवर व दुसरा भिंतीवर टेकावा लागला. तरुणपणीं चिखलांत वांकून लावणी केलेल्या त्याच्या आजी मात्र कशासही हात न लावतां उभ्या राहिल्या. तोंच सून म्हणाली, “आई, तुमी बसा खुर्चीवर, मी आवरते.” आजी बसल्या आणि आम्हांस म्हणाल्या, “शेत व्हतं तवा बसाया मिलत नव्हतं. आता उठाया मिलत नाय.”

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. लंडनमधील बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. २०१२ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं ५१ ते ८० वर्षांच्या २००२ व्यक्तींची परीक्षा प्रसिद्ध केली. परीक्षा एवढीच, कीं जमिनीवर बसावें आणि उठावें. ज्यांस हातांचा वा गुडघ्यांचा आधार फार लागला, त्यांच्यांत पुढील वर्षांत मृत्यूचें प्रमाण अधिक निघालें. आधार लागणें हें अशक्ततेचें कारण नसून लक्षणही असूं शकेल. तरी तें दुर्लक्षिण्याजोगें नव्हे. बसलेल्या माणसाच्या मांड्यांचे मोठे स्नायू स्वस्थ राहतात, ते रक्तांतील साखर कमी ओढतात, आणि पोटऱ्या रक्त वर ढकलीत नाहींत. वार्धक्यांत आधींच झिजणाऱ्या स्नायूंस ही विश्रांति महाग पडते.

पाटावर बसणारास उठण्याची किंमत मोजावीच लागे. खुर्चीनें ती जवळजवळ माफ केली, आणि उरली होती तीही घरच्या मायेनें भरून टाकली. गुडघे दुखणारानें जमिनीवर बसण्याचा हट्ट धरूं नये. पण अर्ध्या तासानें खुर्चींतून उठून चार पावलें टाकावयास कोणाची हरकत असावी? आमच्या भाषेनें पाहुणचारास ‘उठबस’ म्हटलें, त्यांत उठणें पहिलें आहे. वडिलांची उठबस करतांना त्यांचें उठणेंच काढून घेणें, हा आदर नव्हे.

निघतांना आम्हीं मुद्दाम म्हटलें, “आजी, जरा पाणी द्याल?” सुनेच्या कपाळास आंठी पडली, पण आजी तत्काळ उठल्या.