भंगार कोणाला म्हणायचे?

शाळेत स्वच्छतेचा विषय निघाला की आम्हा शिक्षकांकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. २ ऑक्टोबरला खराटे वाटायचे, मैदान झाडून घ्यायचे, गोळा झालेला ढीग फाटकाबाहेर नेऊन टाकायचा आणि त्यापुढे उभे राहून फोटो काढायचा. तो ढीग पुढे कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. आमच्या चंदगडच्या शाळेत सातवीच्या मुलांनी ते विचारले. त्यातून जे घडत गेले त्याचा संबंध आपल्या घराघरांशी आहे, म्हणून ते इथे मांडत आहोत.

मुलांनी व्हरांड्यात चार गोण्या टांगल्या. एक कागदाची, एक बाटल्या आणि पत्र्याची, एक खरकट्याची आणि चौथी ‘बाकीचे’ लिहिलेली. देखरेख मुलांचीच. आम्ही फक्त सुतळी आणि खडू पुरवला.

काम सुरू झाले आणि एका मुलाचे महत्त्व वाढले. त्याचे वडील टेम्पो घेऊन आसपासच्या खेड्यांतून भंगार गोळा करतात. त्यावरून वर्गात त्याला चिडवले जाई. वडील काय करतात असे विचारले, तर तो मान खाली घालून ‘धंदा’ एवढेच म्हणे. गोण्यांपाशी मात्र त्याच्याइतके जाणणारा कोणी नव्हता. बाटलीचे झाकण वेगळे काढा, कारण दोन्हींचे प्लास्टिक वेगळे असते. पुठ्ठा आणि वहीचा कागद एकत्र करू नका, त्यांचा भाव वेगळा. आणि कागद भिजू देऊ नका, ओल्या रद्दीला किंमत नाही. चंदगडच्या पावसात ही शेवटची सूचना फार मोलाची. मुलांनी कागदाची गोणी लगेच व्हरांड्यातून उचलून कोरड्या खोलीत नेली.

खरकट्याच्या खतासाठी मुलांनी खड्डा खणला होता. पहिल्याच मोठ्या पावसात त्याचे डबके झाले. मग विटांच्या ओट्यावर भोके पाडलेले पिंप ठेवले, वर पत्रा टाकला. कोणीतरी त्यात काजूची टरफले टाकायला आणली, तेव्हा एका मुलीने त्याचा हात धरला. तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला जाते. टरफलातल्या तेलाने हाताची कातडी कशी भाजते, हे तिने घरी पाहिले होते. जे आम्ही पुस्तकातून शिकवू शकलो नसतो, ते या मुलांच्या घरातून वर्गात आले.

शाळेतला आहार वाढताना पहिल्यांदा थोडे वाढायचे आणि मागेल त्याला पुन्हा द्यायचे, असाही नियम मुलांनी केला. त्यामुळे पिंपात जाणारा भात कमी झाला. उरलेला एक मुलगी कोंबड्यांसाठी घेऊन जाऊ लागली.

राहिली चौथी गोणी. ती सर्वांत आधी भरे. तिच्यात मुख्यतः मधल्या सुट्टीत खाल्लेल्या चिप्सची आणि कुरकुरीत पदार्थांची चकचकीत पाकिटे. भंगारवाल्याच्या मुलाने एकच वाक्य सांगितले, “ह्ये कुणी घेत न्हाई. अब्बाबी घेत न्हाईत.”

कारण साधे आहे. त्या पाकिटात प्लास्टिकचे पातळ थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, आणि सुटे न करता त्याची नवी वस्तू करणेही अवघड. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. पण ही पाकिटे त्या यादीत नाहीत. कायदा इथे थांबतो. पुढचे आपल्यालाच ठरवावे लागते.

मुलांनी ठरवले. कचऱ्याचे काय करायचे याआधी, तो आणायचाच कशाला, हा प्रश्न त्यांनी घेतला. आठवड्यातून तीन दिवस पाकिटे नाहीत. डब्यात चिरमुरे, फुटाणे किंवा शेंगा-गूळ. शाळेसमोरच्या दुकानदाराशीही मुलेच जाऊन बोलली. तो आधी कुरकुरला, पण आता चिरमुऱ्यांची बरणी ठेवतो आणि कागदाच्या पुडीत बांधून देतो. चौथी गोणी अजून आहे. फक्त ती भरायला आता बरेच दिवस लागतात.

घाट उतरून गेले की वेंगुर्ले लागते. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरी वेगळा केलेला कचरा घेण्याची शिस्त लागली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यात. जिथे नाक दाबून जावे लागे, ती जागा लोक पाहायला येऊ लागले. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि आपले काम हे शहराच्या उपयोगाचे श्रम आहेत, असे सांगून ओळखपत्रे मिळवली. ही माहिती वर्गात सांगितली तेव्हा आमचे लक्ष त्या मुलाकडे होते. त्याची मान वर होती.

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल भंगाराच्या धंद्यावर पेटते. दारोदार फिरून, ऊन-पाऊस सोसून मिळवलेली ती हलाल कमाई आहे. तरीही सोयरीक जुळवताना आपणच तो धंदा दबक्या आवाजात सांगतो. रस्त्यातली इजा पोहोचवणारी वस्तू दूर करणे हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदका मानले आणि ईमानच्या शाखांमध्ये त्याला स्थान दिले. मग जो रोज शेकडो घरांतली अडगळ उचलून मार्गी लावतो, त्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरी गोष्ट इसराफची. कुरआनने सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देतानाच उधळपट्टीला मनाई केली. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या ताम्रपर्णीच्या काठी बसून ही हदीस समजून घ्यायला मुलांना वेळ लागला नाही. पण आपल्या दावतींनंतर मांडवामागे काय पडलेले असते? अर्धवट खाल्लेला पुलाव, कागदी पेले आणि एकेक घोट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. रमजानमध्ये इफ्तारनंतर मशिदीच्या आवारातही तेच दिसते. रोजा संयम शिकवतो आणि रोजा सोडताच आपण तो विसरतो.

रद्दी विकून आलेल्या थोड्या पैशांतून मुलांनी स्टीलचे पेले घेतले. शाळेच्या कार्यक्रमांना तेच वापरतात आणि मुलेच धुऊन ठेवतात. गेल्या रमजानमध्ये त्यांतली काही मुले घरून आपापला पेला घेऊन इफ्तारला गेली. कोणी हसले, कोणी कौतुक केले. एका बुजुर्गांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेला आणला.

घरात सुरुवात करायला फार काही लागत नाही. ओले आणि सुके वेगळे ठेवा. कागद कोरडा राहू द्या. पुढच्या दावतीला भांडी भाड्याने आणा. आणि भंगारवाला दारात आला की मुलांना त्याला ‘चाचा’ म्हणायला शिकवा, उन्हातून आला असेल तर पाणी विचारा. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला आता वडील काय करतात असे विचारले, तर तो सरळ सांगतो, “भंगाराचा धंदा हाय.” चार गोण्यांतून शाळेने जे काही मिळवले, त्यात आम्हाला हे उत्तर सर्वांत मोठे वाटते.