मळ नव्हे, मेण

मराठीत कानाला विश्रांती नाही. आपण कुणाचे कान टोचतो, कुणाचे कान भरतो, नको त्या गोष्टीकडे कानाडोळा करतो. आणि एखादा ऐकत नसला की विचारतो, 'कानात बोळे घातलेत का?' या प्रश्नात एक गोष्ट आपण धरूनच चालतो की समोरचा मुद्दाम ऐकत नाही. माणूस म्हातारा असला तर दुसरं उत्तर तयारच असतं: 'वय झालं.' माझ्या आजीला ही दोन्ही वाक्यं एकाच वर्षात ऐकावी लागली. म्हणजे, जेवढी ऐकू आली तेवढी.

आजी जामसांवलीला राहते. सौंसरजवळचं हे गाव हनुमान मंदिरामुळे दूरवर माहीत आहे. इथला मारुती उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. मूर्तीच्या बेंबीतून झिरपणारं पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मंगळवारी-शनिवारी छिंदवाडा, नागपूर अशी दोन्हीकडची माणसं येतात, त्यांत घरातलं आजारी माणूस सोबत घेऊन येणारेही पुष्कळ. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, आम्ही त्यात गेलो. पाट्या हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत.

मंदिराच्या रस्त्यावर आजी नारळ, हार, अगरबत्त्या विकते. मला आठवतं तेव्हापासून ती तिथेच बसलेली आहे. मागच्या वर्षी गोंधळ सुरू झाला. गिऱ्हाईक वीसचा हार मागायचं, आजी तीसचा द्यायची. कुणी हिंदीत भाव विचारला की नुसतंच बघत राहायची. दोन-तीनदा भांडणं झाली. मग मोठे काका म्हणाले, "माय, तू आता घरी बस. वय झालं तुयं."

आजी म्हणाली, "मले आयकू येते. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता."

घरी बसणं म्हणजे तिच्यासाठी काय, हे गावाबाहेरच्याला कळायचं नाही. दुकान म्हणजे तिचा स्वतःचा पैसा, तिच्या ओळखी, जगाच्या बातम्या. घरी टीव्हीचा आवाज वाढला आणि तिच्याशी होणारं बोलणं कमी झालं. हॉस्टेलवरून मी फोन केला की ती दोन वाक्यांत म्हणायची, "बरं, ठेव."

उपाय झाले नाहीत असं नाही. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडलं. आजीने स्वतः केसातली पिन फिरवून पाहिली. एका यात्रेत कान साफ करणारा भेटला, डोक्याच्या फेट्यात सळई खोचलेला. त्याने सळईला कापूस गुंडाळून कान कोरला, तळहातावर एक खड्यासारखा तुकडा दाखवला आणि पैसे घेतले. आजीला आणखी कमी ऐकू यायला लागलं. शेवटी ती म्हणाली, "देवाचं तीर्थ घालते कानात." तेवढ्यात मला सुट्टी लागली आणि मी तिला नागपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन्ही कान गच्च भरलेत." आजी ओशाळली. "रोज आंघोळ करते मी," म्हणाली. तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. आपण त्याला मळ म्हणतो, इंग्रजीत मेण म्हणतात, आणि इंग्रजीचंच बरोबर आहे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात ग्रंथी असतात, त्या हे मेण तयार करतात. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. तिच्यात धूळ, किडा, पाणी आत जाऊ नये, जंतू वाढू नयेत, यासाठी ही राखण असते. नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, आणि तिच्याबरोबर जुनं मेणही बाहेर येतं. जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. म्हणजे कानाला स्वतःचा झाडू आहे. आपण पिन, काडी, बड्स घालतो तेव्हा तो कचरा दाराबाहेर न जाता उलट पडद्यापाशी ठासला जातो. शिवाय म्हातारपणी मेण कोरडं होतं, कानातले केस जाड होतात, आणि झाडू थकतो. वयाचा संबंध होता, पण काकांना वाटला तसा नव्हता.

मला वाटलं, आता पिचकारीने धुतील. पण बाईंनी आधी विचारलं, "आजी, लहानपणी कान वाहायचा का?"

"वाहे ना. उजवा. पावसाळाभर."

तेवढ्या उत्तरावर पिचकारी बाद झाली. लहानपणी वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला भोक राहिलेलं असू शकतं, आणि त्यातून पाणी आत गेलं की कान पुन्हा पिकतो. म्हणजे तेल, तीर्थ, काहीच घालायचं नाही. पिचकारीत आणखीही एक गंमत असते. पाणी शरीराच्या उष्णतेइतकंच कोमट लागतं. थंड किंवा गरम झालं की माणसाला गरगरतं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना रुग्णांना येणाऱ्या या चक्करीवरूनच तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचा अभ्यास केला आणि त्यांना 1914 सालचं नोबेल मिळालं. साध्या कान धुण्यातून नोबेल!

आजीसाठी सक्शन ठरलं. तिला खुर्चीत टेकवून बसवलं. बाईंनी सूक्ष्मदर्शक कानासमोर आणला, म्हणजे आतलं सगळं मोठं आणि उजेडात दिसतं. मग एक बारीक धातूची नळी, तिच्या मागे ओढून घेणारं यंत्र. नळी मेणाला लागली की सूं-सूं, मग मध्येच फटक असा आवाज. ओढ हलकीच, पण पडद्याजवळचा आवाज मोठा वाटतो आणि क्वचित चक्करही येते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "हलायचं नाही, त्रास झाला तर हात वर करा." आजीने एकदा हात वर केला, बाई लगेच थांबल्या. थोडं खरवडून, थोडं ओढून, काळपट तपकिरी गोळा बाहेर आला. मागे उजव्या पडद्यावर खरोखरच जुनं भोक होतं.

आजी उठली, पदर सारखा केला आणि दचकून म्हणाली, "कोनाच्या बांगड्या वाजून रायल्या?"

तिच्याच होत्या.

सगळं परत आलं असं मात्र नाही. नंतर ऐकण्याची चाचणी झाली. मेणाने अडवलेलं मोकळं झालं, उजव्या कानातलं भोकामुळे गेलेलं तसंच राहिलं, आणि थोडं खरंच वयाचं निघालं. श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला आहे, आजी विचार करते आहे. पण यातलं कुठलं किती, हे मेण काढल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. 'वय झालं' हे आम्ही आजाराचं नाव समजून बसलो होतो.

आपल्या देशात 2006-07 पासून राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम आहे, आणि बरं होण्यासारख्या बहिरेपणाच्या कारणांत कानातलं मेण सर्वांत वरचं मानलं जातं. दरवर्षी 3 मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी पोस्टर लावण्यापेक्षा घरात दोनदा 'काय?' विचारणारं माणूस कोण, ते पाहावं. मोबाईलला जोडायचा कॅमेरा आणि सळई घेऊन घरीच प्रयोग करू नयेत. एखाद्याचा कान पूर्वी वाहत होता की नाही, हे त्या सळईला माहीत नसतं.

मार्कच्या शुभवर्तमानात बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे. येशू आधी त्याला गर्दीतून बाजूला घेतो, आणि मगच त्याच्या कानांत बोटं घालतो. चमत्काराइतकंच मला ते बाजूला घेणं महत्त्वाचं वाटतं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग? गर्दीत कोन कोनाचं आयकते?"

आता ती पुन्हा दुकानावर बसते. तिची नवी तक्रार आहे की शनिवारी भोंगे फार मोठ्याने वाजतात. आणि काका अजून सवयीने ओरडूनच बोलतात.

"हळू बोल ना रे," ती म्हणते, "बहिरी हाये का मी?"