उकिरड्याचे पांग

मराठी मुलाच्या कानावर जी पहिली गोष्ट पडते तींत एक घर मेणाचें असतें आणि एक शेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें आणि कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहतो. गोष्ट सांगणाऱ्या आजीबाईंचें सारें लक्ष चिमणीच्या चतुराईकडे असतें. वाहून गेलेल्या शेणाचें पुढें काय झालें हें त्या कधीं सांगत नाहींत, आणि ऐकणारें मूलही विचारीत नाहीं. शेतकीच्या दृष्टीनें गोष्टींतला खरा प्रश्न तोच होता. बीड जिल्ह्यांतील कोणत्याही गांवाच्या कडेला मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन उभें राहावें; उकिरड्याच्या पायथ्याशीं काळसर पाण्याचा ओघळ निघालेला दिसतो आणि तो ओढ्याकडे चाललेला असतो. त्या ओघळाबरोबर जें जातें तें पुढें आपण पोत्यांतून विकत आणतों.

शेण ह्या शब्दाची आपल्या भाषेंत स्थिति मोठी चमत्कारिक आहे. अंगणांत सडा घालावयाचा तर तें पवित्र, दिवाळींत त्याच्या गवळणी आणि पांडव करावयाचे तर तें देव, आणि एखाद्याची अब्रू घालवावयाची असली म्हणजे त्यानें तें खाल्लें असें म्हणावयाचें. तेव्हां विद्यापीठांतून विद्वान माणसें वर्षानुवर्षें गाईम्हशींच्या शेणाचें, मूत्राचें आणि कोंबड्यांच्या विष्ठेचें पृथक्करण करीत बसतात हें ऐकून आमच्या एका स्नेह्यांनीं जें स्मित केलें त्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. त्यांच्या घरीं रोज जेवणांत बाजरीची भाकरी असते, एवढेंच आम्हीं त्यांच्या नजरेस आणून दिलें.

वस्तुतः हा अभ्यास पोरखेळ नव्हे. जनावराच्या शरीरांतून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकीं जवळजवळ निम्मा भाग, कधीं त्याहूनही अधिक, मूत्रांतून जातो, आणि पालाशाचा तर बहुतेक भाग. शेण दिसतें म्हणून आपण तें गोळा करतों. मूत्र जमिनींत मुरतें, आणि त्यांतील नत्राचा अमोनिया होऊन तो हवेंत उडतो. सकाळीं बंद गोठ्यांत शिरतांच डोळ्यांस जें झोंबतें तें खतच होय, आणि तें आपल्या देखत निघून चाललेलें असतें. राहिलें शेण. तें उघड्या ढिगावर उन्हानें वाळतें, पावसानें धुपतें, आणि वर्षाअखेरीस गाडींत भरून शेतावर जें जातें त्याच्या शंभर किलोंत नत्र अर्ध्या किलोच्या आसपास भरतें.

ह्यावरचा उपाय नवा नाहीं. इंदूर येथें १९२४ सालीं निघालेल्या वनस्पतिसंशोधनाच्या संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं जें काम केलें तें १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. हॉवर्ड ह्यांचें नांव जगभर झालें. वाड ह्यांचें नांव त्याच ग्रंथावर असूनही मराठी वाचकांसही फारसें ठाऊक नाहीं, हें जातां जातां नमूद करून ठेवतों. त्यांची रीत अशी : गोठ्याची जमीन मातीची ठेवावयाची, मूत्रानें भिजलेली ती माती वेळोवेळीं उकरून काढावयाची, आणि ती माती, राख, शेणकाला व शेतांतील काडीकचरा ह्यांचे थर उथळ खड्ड्यांत रचून तीन वेळां चाळवावयाचे, तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाट्या कठीण, लौकर कुजत नाहींत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावयाच्या, ही त्यांची युक्ति तर आम्हांस फारच आवडते. तिला प्रयोगशाळेचा वास येत नाहीं. त्यांच्याही आधीं, १८९३ सालच्या आपल्या अहवालांत, डॉ. व्होएल्कर ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें सांगून ठेवलें होतें कीं, इकडील शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानानें नव्हे, सरपणाच्या अभावीं.

मग शंभर वर्षांत उकिरड्याचे पांग कां फिटले नाहींत? बारा वर्षांनीं फिटतात म्हणून म्हण सांगते!

गेल्या वैशाखांत केज तालुक्यांत आत्याबाईंच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. शेजारची बाई गोवऱ्या थापीत होती. कापसाच्या राशीसारखी पऱ्हाट्यांची गंजी तिच्या भिंतीशीं रचलेली होती. आम्हीं आमचें सारें पुस्तकी ज्ञान तिच्यापुढें मांडलें; शेण जाळणें म्हणजे शेताच्या तोंडचा घास काढणें, असेंही कांहींसें बोलून गेलों. तिनें हात न थांबवितां ऐकून घेतलें आणि म्हणाली, “घालीन की दादा खड्ड्यात. पन मग पानी कशावर तापवू? सिलेंडर हाय, पर त्यो च्यापुरता. अन् बैलं तरी कुठं हायती वरीसभर? दसरा झाला की कारखान्याला. त्येंचं शेण तिकडच्या रानात पडतंय.”

आम्ही निरुत्तर झालों, हें सांगावयास नको. २०१६ सालापासून सरकारनें गरीब घरांत गॅसच्या टाक्या पोंचविल्या, व्होएल्कर ह्यांची अट जणूं पुरी झाली. पण टाकी एकदां घरांत येणें निराळें आणि ती पुन्हां पुन्हां भरून आणणें निराळें. परंतु त्याहून आम्हांस बोंचलें तें तिचें शेवटचें वाक्य. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज ह्या बाजूचीं हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या घेऊन ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. एक बैल दिवसाकाठीं सुमारें दहा किलो शेण टाकतो असें धरलें, तर जोडीचें पांच महिन्यांचें शेण तीन हजार किलो होतें; मूत्राचा हिशोब वेगळाच. कोरडवाहू कापसास हेक्टरी पांच टन शेणखत घाला असें ज्याला सांगावयाचें, त्याचें वर्षाचें जवळजवळ अर्धें शेण परमुलखांत पडलेलें असतें, आणि तेंही पाण्याखालच्या, आधींच सुखवस्तु असलेल्या जमिनींत.

गोबरगॅसचीही तीच कथा. दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास देसाई ह्यांनीं त्याचे प्रयोग आरंभले, पुढें जशभाई पटेल ह्यांनीं तरंगत्या टांकीचें यंत्र तयार केलें आणि खादी आयोगानें तें गांवोगांव नेलें. चुलीला गॅस मिळावा आणि शेताला शेणाची रबडी, म्हणजे शेजारणीच्या दोन्ही अडचणी एका घावांत सुटाव्या, अशी ही योजना. यंत्रशास्त्र निर्दोष आहे. परंतु दोन घनमीटरच्या लहानशा संयंत्रासही रोज पन्नास किलो शेण लागतें आणि तितकेंच पाणी. जेथें फाल्गुनापासून पिण्याचें पाणी टँकरनें येतें तेथें शेण कालविण्यास दोन हंडे कोण देणार? आम्हीं अशा भागांत कोरडीं पडलेलीं संयंत्रें पाहिलीं आहेत. एकींत कडबा भरून ठेवला होता. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत तर गुरेंच छावण्यांत गेलीं. एका छावणीच्या कडेला आम्हीं शेणाचा डोंगर पाहिला; कोणाचें शेण कोणाच्या शेतावर जाणार, ह्याचा उलगडा तेथें कोणास करतां आला नाहीं.

कोंबड्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या विष्ठेंत मल आणि मूत्र एकत्रच पडतें, त्यामुळें कोंबडखतांत नत्र शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे शेणखताच्या पांचसहापट. तें ताजें घातलें तर पिकाचीं मुळें जळतात, म्हणून कुजवून घालावें लागतें. पण त्याला गिऱ्हाईक आहे. मोसंबीचे आणि भाजीपाल्याचे बागाईतदार तें ट्रकनें उचलतात. येथेंही खत पाण्याच्या मागें गेलें, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

ज्या वर्षीं महाराष्ट्रावर तो भयंकर दुष्काळ होता त्याच वर्षीं, १९७२ सालीं, परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून तें वसंतराव नाईकांच्या नांवें चालतें. तेथील काळ्या जमिनींत सोयाबीन आणि करडई ह्या जोडीवर खतांचा दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू आहे, आणि रासायनिक खतांच्या जोडीला शेणखत मिळालेल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अधिक टिकतो, हें असल्या प्रयोगांतून पुनःपुन्हां दिसलें आहे. ह्या कामाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. तक्रार इतकीच कीं, प्रयोगक्षेत्रावर शेणखत कोठून आलें हा प्रश्न उद्भवत नाहीं. तें नोंदवहींत टनांनीं लिहिलेलें असतें. बीडच्या कोरडवाहू घरांत बैल एकीकडे, पाणी दुसरीकडे आणि पाटी उचलणारें माणूस तिसरीकडे, अशी वर्षांतील सहा महिने वांटणी झालेली असते. ज्या घराचीं गुरें हंगामभर परगांवीं असतात त्या घराच्या खताचें वजन, पाण्यावांचून होणारें कुजवण, आणि उसाच्या फडावर पडलेल्या शेणाचा बैलाच्या मालकास कांहीं मोबदला, हे विषय एखाद्या तरुण संशोधकानें आपल्या प्रबंधासाठीं घ्यावे. परभणी आणि उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत, अंबाजोगाईस शेतकीचें आहे. विषय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आमच्या आत्याबाईंनीं तेवढी वाट पाहिली नाहीं. मूत्राची माती महिन्याकाठीं उकरावयाची ही इंदूरची युक्ति त्यांस पटली, पण “माती उचलणार कोण? तूं?” असें त्यांनीं विचारलें, आणि तो ठराव तेथेंच राहिला. उकिरडा मात्र पावसाआधीं झांकून घ्यावयाचा, असें ठरलें. परसांत पडलेले जुने पत्रे निघाले. शेजारणीनें तिचाही ढीग त्याच झांकणाखालीं आणावा, आणि पऱ्हाट्या सरेपर्यंत निम्म्या गोवऱ्या थापूं नयेत, असा दोघींचा करार झाला. पऱ्हाट्या सरल्यावरचें तिनें कबूल केलें नाहीं. वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें.